ॲडव्हान्स वॉर्स : पहिली पाळी घेणाऱ्यालाच झुकते माप मिळते का?

उंटाची तिरकी

निन्टेन्डो स्विचवरील ‘ॲडव्हान्स वॉर्स १+२ : री-बूट कॅम्प’ हा गेम आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतर टीव्हीला जोडून खेळला जातो. खेळणारे दोघेच, मी आणि माझे मेहुणे. कन्सोल एकच असल्यामुळे एकाची पाळी संपली की कंट्रोलर दुसऱ्याच्या हातात जातो. ज्यांना हा गेम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चौकटींच्या नकाशावर दोन ते चार सेना असतात. पायदळाने शहरे आणि कारखाने ताब्यात घ्यायचे, प्रत्येक ताब्यातील ठिकाण दर पाळीला १००० रुपये देते (खेळातील चलनाला आम्ही रुपयेच म्हणतो), त्या पैशातून रणगाडे, तोफा, विमाने, जहाजे घ्यायची आणि शत्रूचे मुख्यालय जिंकायचे किंवा त्याची संपूर्ण सेना नष्ट करायची.

माझा प्रश्न असा आहे. नकाशा दोन्ही बाजूंना अगदी सारखा असला तरी जो पहिली पाळी घेतो तोच बहुतेक वेळा वरचढ ठरतो, असे मला सातत्याने जाणवते. मेहुणे नेहमी लाल सेना घेतात आणि लाल सेना आधी चालते. माझे म्हणणे त्यांना मान्य नाही. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ असे ते म्हणतात आणि त्यांच्या बहिणीचाही त्यांना पाठिंबा असतो. हा खेळ अनेक वर्षे खेळलेल्या सभासदांनी कृपया सांगावे की पहिल्या पाळीचा फायदा खरोखर आहे का, आणि असल्यास तो कसा भरून काढावा.

दुपारची झोप

मेहुण्यांना पहिली पाळी देणे हा खर्च समजू नये, ती गुंतवणूक आहे. बाकी चर्चा चालू द्यावी.

अनुस्वार

फायदा आहे, आणि तो कोठून येतो हे नीट पाहिले तर उपायही तेथेच सापडतो.

या खेळात पहिल्या काही दिवसांत (दोघांची एकेक पाळी झाली की एक दिवस) लढाई होतच नाही, सगळी धावपळ ताबा मिळवण्यासाठी असते. पायदळाची एक तुकडी १००० रुपयांना येते, पाळीला तीन घरे चालते आणि ताब्यासाठी शहरात बसते. शहराचे २० गुण असतात आणि पूर्ण, म्हणजे १० बळाची तुकडी एका पाळीत १० गुण खाली आणते. अर्थात बिनविरोध शहर दोन पाळ्यांत मिळते. आता नकाशाच्या बरोबर मध्यावर एक शहर आहे आणि दोन्ही कारखान्यांपासून ते सारख्याच अंतरावर आहे, असे धरा. पहिली पाळी घेणारा तेथे नेहमी अर्धी फेरी आधी पोहोचतो, कारण ‘चौथ्या दिवशी पोहोचणे’ याचा अर्थ त्याच्यासाठी तुमच्या चौथ्या दिवसाच्या आधी असा होतो. तो शहरात बसतो आणि २० चे १० करतो. तुम्ही शेजारी येऊन त्याला मारता.

पायदळाचा पायदळावरील मूळ मारा ५५ टक्के असतो, परंतु शहराला तीन तारे संरक्षण असल्यामुळे तो ४० टक्क्यांच्या आसपास उतरतो. त्याचे ६ किंवा ७ बळ उरते आणि तेवढ्या बळाने तो तुम्हाला उलट मारतो. तुम्ही मोकळ्या मैदानात, एकाच ताऱ्याच्या आडोशाला असता, त्यामुळे तुमचेही ६-७ च उरते. म्हणजे पहिला मारा तुम्ही केलात तरी हिशेब बरोबरीचा झाला आणि शहरात तोच बसलेला राहिला. पुढच्या पाळीला तो १० मधून ७ वजा करतो, ३ उरतात, आणि ताबा एक पाळी लांबतो. तुमच्या वाट्याला आलेले यश एवढेच.

हे एका शहराचे झाले. नकाशावर अशी चार-पाच वादग्रस्त ठिकाणे असतील तर सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत त्याच्याकडे एखादे शहर जास्त असते. दर पाळीला एक हजार जास्त म्हणजे सात पाळ्यांत एक रणगाडा जास्त, कारण साध्या रणगाड्याची किंमत ७००० आहे. तोपर्यंत आपण आपल्या चुका शोधत बसलेले असतो.

घाटावरचा

अनुस्वार यांचे गणित बरोबर आहे, पण अर्धेच आहे. शहरांच्या बाबतीत पहिला जिंकतो, तर उघड्यावरील लढाईत जो आधी पुढे सरकतो तोच मार खातो.

साधा रणगाडा मैदानावर सहा घरे जातो आणि शेजारच्या घरावर मारतो, म्हणून त्याचा धोका सात घरांपर्यंत पोहोचतो. माझा रणगाडा शत्रूच्या रणगाड्यापासून आठ घरांवर उभा असेल तर शत्रूने काय करावे? त्याने एक पाऊल टाकले की तो माझ्या टप्प्यात येतो. मैदानावर रणगाड्याने रणगाड्याला मारले की समोरच्याचे ५ किंवा ६ बळ उरते, त्याचा उलट मारा अर्ध्यावर येतो आणि माझे ७-८ टिकते. तेवढ्या एका माऱ्यावर पुढच्या तीन पाळ्या फिरतात. पहिली पाळी घेतलेल्यालाच अनेकदा आधी हलावे लागते, कारण वाट पाहून त्याचा शहरांमधला फायदा वाढत नाही.

या टप्प्याच्या खेळात पायदळाची भिंत सर्वांत स्वस्त पडते. एक हजाराची तुकडी पुढच्या घरात उभी करावी आणि तिच्या मागे सहा हजारांची तोफ ठेवावी. तोफ दोन ते तीन घरांवर मारते आणि तिला उलट मारा मिळत नाही. सोळा हजारांचा मध्यम रणगाडा आला तर तो भिंतीतील तुकडी उडवतो, पण तेथेच अडकतो, आणि मग तोफ व मागचे दोन रणगाडे त्याचा हिशेब चुकता करतात. उंटाची तिरकी, तुम्ही दुसरी पाळी घेता ना? मग भिंत बांधा आणि मेहुण्यांना येऊ द्या.

उंटाची तिरकी

घाटावरचा, मेहुणे येतच नाहीत. डोंगराच्या मागे तीन तोफा लावून ते चहा घेतात. मी मात्र शहरे कमी म्हणून पुढे जातो आणि तोफांच्या तोंडी पडतो. अनुस्वार म्हणतात ते आणि तुम्ही म्हणता ते, दोन्ही माझ्याच बाबतीत माझ्याविरुद्ध खरे ठरत आहे.

अनुस्वार

हेच तर सांगत होतो. वाट पाहण्याची चैन ज्याचे उत्पन्न जास्त त्यालाच परवडते, म्हणून घाटावरचा यांची भिंत मेहुण्यांच्याच उपयोगी पडत आहे.

स्वाती_शारजा

हा प्रश्न फक्त या गेमचा नाही. बुद्धिबळात पांढऱ्याला सुमारे ५४-५५ टक्के गुण मिळतात हे जुन्या डावांच्या नोंदींतून दिसते, आणि तेथे आपण रंग आळीपाळीने बदलतो. जपानमधील ‘गो’ या खेळात काळा आधी चालतो, म्हणून पांढऱ्याला शेवटी भरपाईचे गुण देतात, त्यांना कोमी म्हणतात. जपानमध्ये ते पूर्वी साडेपाच होते, ते अपुरे वाटल्यामुळे २००२ पासून साडेसहा केले गेले. अर्धा गुण अशासाठी की डाव बरोबरीत सुटू नये.

ॲडव्हान्स वॉर्समध्येही चाहत्यांनी आपला कोमी शोधून काढला आहे. ‘ॲडव्हान्स वॉर्स बाय वेब’ या संकेतस्थळावर लोक हा खेळ ब्राउझरमध्ये एकमेकांविरुद्ध सवडीने खेळतात. तेथील स्पर्धात्मक नकाशांवर दुसऱ्या खेळाडूला आरंभीच एक पायदळ तुकडी ठेवून देण्याची पद्धत रूढ आहे. एवढी लहानशी तुकडी पुरते, कारण फरक एक हजार रुपयांचा नसून अर्ध्या फेरीचा आहे आणि ती तुकडी पहिल्याच पाळीला चालू लागते. स्विचवर नकाशे तयार करण्याचा विभाग आहेच. त्यात आपल्या आवडीचा नकाशा पुन्हा आखावा आणि निळ्या सेनेच्या कारखान्याशेजारी एक पायदळ ठेवावे. मेहुण्यांना ते दिसेल, पण दिसू द्यावे. उघड दिलेली भरपाई कोणाला खुपत नाही.

दुपारची झोप

स्वातीताई, उघड दिलेली भरपाई खुपत नाही असे आपण म्हणता, त्यावरून आपण सासरच्या मंडळींशी हा खेळ कधी खेळल्या नसाव्यात.

पाणकावळा

थोडे अवांतर, पण या खेळाची कुळकथा येथे असावी असे वाटते. बरेच जण त्याला गेम बॉय ॲडव्हान्स या हातातल्या कन्सोलचे अपत्य समजतात. प्रत्यक्षात तो जन्माने घरच्या कन्सोलचाच आहे. इंटेलिजंट सिस्टिम्स या क्योतोच्या कंपनीने फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या घरगुती कन्सोलसाठी तयार केलेला ‘फॅमिकॉम वॉर्स’ ऑगस्ट १९८८ मध्ये जपानमध्ये आला. पायदळाने शहरे घेणे, पैसे साठवणे, कारखान्यातून तुकडी उतरवणे हा सांगाडा तेव्हापासून तोच आहे. त्यानंतर गेम बॉयवर आणि सुपर फॅमिकॉमवर त्याची भावंडे आली, पण ती जपानबाहेर फारशी पोहोचली नाहीत.

बाहेरच्या जगाला या मालिकेची खरी ओळख झाली ती ‘ॲडव्हान्स वॉर्स’ या नावाने, आणि अमेरिकेत तो प्रकाशित झाला १० सप्टेंबर २००१ रोजी. दुसऱ्या दिवशी काय घडले ते सांगायला नको. युरोपात तो पुढच्या जानेवारीत आला. जपानमधील प्रकाशन तर असे लांबले की तेथे पहिला आणि दुसरा भाग एकत्रच २००४ च्या नोव्हेंबरमध्ये मिळाला. ज्या देशात तो तयार झाला तेथील लोकांनी तीन वर्षे वाट पाहिली.

स्विचच्या आवृत्तीचीही तीच गत झाली. वेफॉरवर्ड या कंपनीने केलेले हे नवे रूप २०२१ च्या डिसेंबरमध्ये येणार होते, ते एप्रिल २०२२ वर गेले. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि मार्चमध्ये निन्टेन्डोने जगातील ताज्या घडामोडींचे कारण देऊन प्रकाशन बेमुदत पुढे ढकलले. अखेर २१ एप्रिल २०२३ रोजी तो बाजारात आला. युद्धाचा खेळ खऱ्या हिंसेमुळे अडला आहे असे एकाच मालिकेच्या बाबतीत दोनदा झालेले मला दुसरे उदाहरण आठवत नाही.

मंदाकिनी_वाई

पाणकावळा यांच्या प्रतिसादावरून विचारते. माझा नातू हा गेम खेळतो. चित्रे इतकी गोंडस आहेत की रणगाडा फुटला तरी खेळण्यातली गाडी मोडल्यासारखे वाटते. खऱ्या युद्धामुळे प्रकाशन थांबवावे लागले याचा अर्थ त्यांनाही काहीतरी बोचले असणार. मग मुलांच्या हाती हे देताना आपल्याला का बोचू नये?

पाणकावळा

मंदाकिनीताई, बोचणे रास्त आहे. नव्या आवृत्तीत तर सगळे युद्ध मेजावरच्या खेळण्यांच्या पटावर चालल्याचा आभास मुद्दाम दिला आहे, आणि जुन्या चाहत्यांपैकी पुष्कळांना तो आवडलेला नाही. माझ्या मते खेळणे म्हणून दाखवणे हे अधिक प्रामाणिक आहे, कारण हा खेळ युद्ध दाखवतच नाही. तो बुद्धिबळातील हत्ती-घोड्यांसारखा हिशेब आहे. वीराच्या आविर्भावात युद्ध दाखवणारे खेळ मला अधिक त्रासदायक वाटतात.

निवृत्त सुभेदार

मी सैन्यात पुरवठ्याच्या कामात होतो, म्हणून या चर्चेत दोन शब्द बोलण्याचे धाडस करतो. मुलाने हा गेम घेऊन दिला तेव्हा मी सर्वप्रथम पाहिले की इंधन आणि दारूगोळा संपतो का. संपतो. रणगाड्याच्या मुख्य तोफेला मोजके गोळे असतात, ते संपले की तो केवळ मशिनगनवर येतो. विमाने नुसती हवेत राहिली तरी दर पाळीला इंधन खातात आणि इंधन शून्यावर आले की कोसळतात. लढाऊ हेलिकॉप्टर उभ्या उभ्या दोन मात्रा खाते आणि फायटर पाच. लोक नऊ हजारांचे हेलिकॉप्टर घेतात आणि पाच हजारांची पुरवठा गाडी महाग म्हणतात.

त्या गाडीला लोक पायदळ वाहून नेण्यासाठीच वापरतात. पाळी सुरू होताच ती शेजारच्या सर्व तुकड्यांना आपोआप इंधन आणि गोळे देते, हे अनेकांना उशिरा कळते. उंटाची तिरकी यांचे मेहुणे डोंगरामागे तीन तोफा लावून बसतात असे वाचले. तोफेलाही नऊच गोळे असतात. तीन तोफांच्या शेजारी पुरवठा गाडी दिसत नसेल तर त्यांना पायदळाच्या स्वस्त तुकड्या दाखवत राहावे आणि गोळे संपू द्यावेत. प्रत्येक मारा गोळे खर्च करतो, मग समोर एक हजाराची तुकडी असो वा सोळा हजारांचा रणगाडा. मला पहिल्या पाळीचा फायदा कधी जाणवला नाही. तेराव्या-चौदाव्या दिवशी कोणाची गाडी जागेवर आहे, हे मात्र दर वेळी जाणवते.

उंटाची तिरकी

सुभेदारसाहेब, आपला प्रतिसाद मी मेहुण्यांना वाचून दाखवणार नाही.

मेघना_डोंबिवली

सगळे पहिल्या पाळीबद्दल बोलत आहेत आणि डावाच्या आरंभी प्रत्येक जण जो निवडतो त्या सेनापतींचा उल्लेख कोणीच केलेला नाही याचे आश्चर्य वाटते. अर्ध्या फेरीचा फरक एका पायदळाने भरून निघतो, सेनापतींमधला फरक मात्र कशानेही भरून निघत नाही.

उदाहरणे देते. कॅन्बेईच्या तुकड्या मारायला आणि मार खायला सर्वांपेक्षा सरस असतात, पण २० टक्के महाग असतात. कॉलिनच्या तुकड्या २० टक्के स्वस्त आहेत आणि त्याबदल्यात मारा फक्त १० टक्के कमी आहे. शिवाय मोठी शक्ती (शक्ती म्हणजे मापक भरला की सेनापतीला एका पाळीपुरते मिळणारे खास सामर्थ्य, ते साधे आणि मोठे असे दोन प्रकारचे) वापरली की शिलकीत जितके पैसे तितका त्याचा मारा वाढतो. म्हणजे उत्पन्न भरपूर असलेल्या मोठ्या नकाशावर कॉलिनसमोर बसणे म्हणजे सावकाराशी व्याजाच्या दरावर वाद घालणे. हाची त्याच्या मोठ्या शक्तीच्या पाळीत शहरांमधून तुकड्या उतरवू शकतो, त्यामुळे तुमच्या मुख्यालयाजवळचे एखादे शहर त्याच्याकडे असेल तर त्या पाळीला तोच कारखाना होतो. सॅमीचे पायदळ एरवीही दीडपट वेगाने ताबा घेते, आणि मोठ्या शक्तीच्या पाळीला तिची एक बळाची जखमी तुकडीसुद्धा मुख्यालय एका झटक्यात घेते. मी माझ्या भावाचे मुख्यालय असेच घेतले होते, आणि त्या वेळी त्याच्याकडे माझ्या दुप्पट सेना होती. ईगलच्या शक्तीने तर पायदळ सोडून सर्व तुकड्या त्याच पाळीत पुन्हा हलतात, तेव्हा पहिली पाळी कोणाची या प्रश्नाला अर्थच उरत नाही.

उंटाची तिरकी, मेहुणे कोणता सेनापती घेतात ते तुम्ही लिहिलेले नाही.

उंटाची तिरकी

ग्रिट. मी अँडी घेतो, कारण तो पहिल्यापासून ओळखीचा आहे.

मेघना_डोंबिवली

मग तीन तोफांचे कोडे सुटले. ग्रिटच्या लांब पल्ल्याच्या माऱ्याला एक घर जास्त मिळते, म्हणजे तुम्ही तीन घरांचा हिशेब करून जेथे थांबता तेथे त्यांची तोफ चार घरांवरून पोहोचते. शक्ती वापरली की पल्ला आणखी वाढतो. त्यांचे रणगाडे मात्र इतरांपेक्षा कमजोर असतात. तेव्हा तोफांशी समोरून भांडू नये. त्यांच्या बाजूने हेलिकॉप्टर न्यावे, कारण तोफ आकाशात मारू शकत नाही. त्यांनी आठ हजारांचे विमानविरोधी वाहन घेतले की तेवढी तोफ त्यांनी कमी घेतली असे समजावे. अँडी वाईट सेनापती नाही. त्याची शक्ती सर्व तुकड्यांना दोन बळ परत देते, आणि जखमी झालेली पण जिवंत असलेली पुष्कळ तुकड्यांची सेना त्या दिवशी एकदम उभी राहते. म्हणून अँडीने रणगाडे मरू देऊ नयेत, ३-४ बळावर आले की मागे घ्यावेत.

घाटावरचा

मेघनाताईंशी अर्धा सहमत. शक्तींमुळे खेळ बिघडतो असे वाटणाऱ्यांनी नियमांच्या यादीत जाऊन त्या बंद कराव्यात, तशी सोय आहे. आम्ही मित्र शक्ती बंद करूनच खेळतो आणि खेळ फार स्वच्छ होतो.

अनुस्वार

स्वच्छ होतो आणि अळणीही होतो. शक्तीचा मापक मार खाल्ल्यानेही भरतो, त्यामुळे हरत असलेल्यालाही आशा राहते. शक्ती बंद केल्या की पहिल्या पाळीचा फायदा उलट वाढतो, कारण मागे पडलेल्याला मुसंडी मारण्याचे साधन राहत नाही. मूळ प्रश्नाच्या दृष्टीने घाटावरचा यांचा उपाय रोगापेक्षा वाईट आहे.

घाटावरचा

मार खाऊन बक्षीस मिळण्याला मी साधन म्हणत नाही. पण मतभेद असू द्यावा.

पाटणकर_सिडनी

मला वाद घालायला माणूसच मिळत नाही, ही माझी अडचण. इंटरनेटवर खेळायचे तर दुसरा खेळाडू आपल्या मित्रयादीतलाच असावा लागतो. अनोळखी प्रतिस्पर्धी शोधून देण्याची सोयच नाही, आणि एका वेळी दोघेच खेळू शकतात. चौघांनी खेळायचे तर एका खोलीत जमावे लागते. शिवाय दोघांनीही डाव संपेपर्यंत कन्सोलसमोर बसावे लागते. पुण्यातील माझ्या भाच्याला रात्री जेवणानंतर वेळ असतो, तेव्हा माझ्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. पाळीपाळीने चालणाऱ्या खेळाला तर सवडीने पाळी पाठवण्याची पद्धत किती शोभली असती. पाळी खेळावी, झोपावे, सकाळी उठून त्याने काय वाटोळे केले ते पाहावे.

स्वाती_शारजा

पूर्ण सहमत. चाहत्यांनी ब्राउझरमध्ये जे फुकट चालवले ते एवढ्या मोठ्या कंपनीला पैसे घेऊन देता येऊ नये याचे वाईट वाटते. माझे आणि नाशिकच्या मैत्रिणीचे घड्याळ दीड तासानेच वेगळे आहे, म्हणून आमचे जमते. पण तिच्याकडील पाहुणे किंवा माझ्याकडील शिफ्ट मध्ये आली की डाव मोडतो.

दुपारची झोप

गंभीर शंका आहे. धुके लावून कोणी खेळते का? धुक्यात शत्रूच्या तुकड्या दिसत नाहीत, फक्त आपल्या नजरेच्या टप्प्यातल्या दिसतात. पण टीव्ही एकच असेल तर शेजारी बसलेल्याला सगळेच दिसणार.

मेघना_डोंबिवली

आम्ही खेळतो. ज्याची पाळी नाही त्याने स्वयंपाकघरात जायचे असा नियम आहे. भाऊ आत जाऊन भांडी घासतो, त्यामुळे आईला धुक्याचे डाव विशेष आवडतात. नियम फक्त एवढाच की पाळी पंधरा मिनिटांपेक्षा लांबवायची नाही, नाहीतर भाऊ कढई घेऊनच बाहेर येतो. धुक्यात जंगलात लपलेली तुकडी शेजारच्या घरात गेल्याशिवाय दिसत नाही आणि पायदळ डोंगरावर चढले की त्याची नजर तीन घरांनी वाढते. तोफांना लक्ष्य दिसावे म्हणून पुढे कोणीतरी उभे करावेच लागते. डोंगरामागे तोफा लावून चहा घेणाऱ्यांवर धुके हा चांगला उतारा आहे.

निवृत्त सुभेदार

मेघनाताईंच्या बंधूंचे अभिनंदन. टेहळणीशिवाय तोफखाना आंधळा असतो, हे खेळात बरोबर दाखवले आहे.

स्वाती_शारजा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जादा पायदळ, सेनापतींचा फरक आणि शक्ती चालू की बंद, हे तिन्ही मुद्दे एकाच नियमाने सुटतात असे मला वाटते. घरात दोन भावंडांना लाडू वाटायचा असेल तर एकाने अर्धा करायचा आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. तेच येथे करावे. एकाने संपूर्ण मांडणी करावी, म्हणजे नकाशा, लाल बाजूचा सेनापती, निळ्या बाजूचा सेनापती, निळ्याला जादा पायदळ द्यायचे की नाही, धुके, शक्ती, सगळे त्यानेच ठरवावे. मग दुसऱ्याने लाल की निळा ते निवडावे. मांडणी करणाऱ्याला एका बाजूला झुकते माप द्यायची सोयच राहत नाही, कारण ती बाजू समोरचा उचलणार. पुढच्या डावाला भूमिका बदलाव्यात. पहिल्या पाळीचा फायदा किती, हे आकड्यात ठरवण्याची गरजच पडत नाही. दोघांना जे समान वाटते तेच समान.

अनुस्वार

स्वातीताई, हे उत्तम आहे. एकच पुरवणी सुचवतो. मांडणी करणाऱ्याने आधी नकाशावरील वादग्रस्त शहरे मोजावीत. मध्यावर विषम संख्येने शहरे असतील तर पायदळ द्यावेच लागेल. सम असतील आणि प्रत्येक बाजूला जवळची निम्मी असतील तर कदाचित द्यावे लागणार नाही.

घाटावरचा

आणि दोन्ही बाजूंना कारखाने दोनपेक्षा कमी असू नयेत. एकाच कारखान्याच्या नकाशावर भिंत उभी राहायच्या आतच डाव संपतो.

उंटाची तिरकी

सर्वांचे आभार. स्वातीताईंचा नियम मेहुण्यांना सांगितला आणि आश्चर्य म्हणजे त्यांना तो लगेच मान्य झाला. पहिली मांडणी त्यांनी केली आहे. लाल बाजूला ग्रिट, निळ्या बाजूला ईगल, निळ्याला जादा पायदळ नाही, शक्ती चालू, धुके नाही, मध्ये तीन शहरे आणि दोन्हीकडे एकेक विमानतळ. निवड उद्या रात्रीपर्यंत करायची आहे. मी लाल घ्यावे की निळे?

मेघना_डोंबिवली

विमानतळ आहे आणि समोर ग्रिट आहे, तर निळे. पहिल्या काही पाळ्या शहर कमी पडेल, ते पडू द्यावे. हेलिकॉप्टर लवकर काढावे.

अनुस्वार

मध्ये तीन शहरे, म्हणजे विषम संख्या, आणि पायदळ नाही. मी लाल घेतले असते.

दुपारची झोप

मेहुण्यांनी ज्या बाजूकडे पाहून मांडणी केली ती घ्यावी. घरी विचारून पाहा, बहिणीला माहीत असेल.